चूक कोणाची ते आधी लिहा

आमच्या सरांबद्दल कोणी भरभरून बोलायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाते. रत्नागिरीत राहून हे फार वेळा करावं लागतं. सरांचे विद्यार्थी गावभर आहेत, प्रत्येकाकडे सरांचा एक तरी किस्सा आहे, आणि प्रत्येक किस्सा ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ या वाक्यावर संपतो. होऊच नये, असं माझं मत आहे. पण किस्से खरे आहेत. त्यांतले चांगले चांगले माझ्याकडे आहेत, कारण मी त्यांच्याकडे आठ महिने शिकले आणि त्या आठ महिन्यांत माझ्याइतकी बोलणी दुसऱ्या कोणी खाल्ली नाहीत. म्हणून मीच सांगते.

नाचणे रोडला पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. गिरण सुरू झाली की बाकं थरथरायची, फळ्यावरची अक्षरं वाकडी व्हायची, आणि आठवड्यातून एकदा कीबोर्ड उलटे करून झटकले की भाकरीपुरतं पीठ निघायचं. जिन्याच्या तोंडाशी एक पाटी होती. तिच्यावर सरांचं नाव नव्हतं, क्लासचंही नव्हतं. ‘वेब सर्व्हिसेस शिकवल्या जातील’ एवढंच, आणि खाली बारीक अक्षरांत ‘घाई असेल तर येऊ नये’. मला घाई होती.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अकरा माणसांच्या ऑफिसात नोकरी करत होते, अजूनही करते. आमचं सगळं पोट एका परदेशी विमा कंपनीच्या कामावर. त्या गिऱ्हाइकाने त्या वर्षी अट घातली की मार्चअखेरपर्यंत रत्नागिरीच्या ऑफिसात वेब सर्व्हिसेस डेव्हलपरचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेलं एक तरी माणूस हवं, नाहीतर काम पुण्याच्या ऑफिसात हलवू. काम पुण्याला म्हणजे मीही पुण्याला. आणि घरी आई होती. अर्धांगवायूचा झटका आल्यावर तिला मी सावर्ड्याहून माझ्याकडे आणलं. दीड वर्षाच्या मालिशीनंतर ती नुकती काठी टेकत गॅलरीपर्यंत जायला लागली होती, शेजारच्या दोन घरांत तिची ऊठबस सुरू झाली होती. पुण्याचं नाव काढलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, मला सावर्ड्याला नेऊन सोड नि तू जा. सावर्ड्याच्या घरी तिच्यासोबत भिंतींशिवाय कोणी नव्हतं. माझा भाऊ मुंबईत असतो आणि दर रविवारी फोन करून तिला काळजी घ्यायला सांगतो. तेव्हा ते प्रमाणपत्र मला हवं होतं ते काही भिंतीवर टांगायला नव्हे.

फोनवर सर म्हणाले, उद्या साडेबाराला या. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून, भर पावसात, साडेबाराला जिना चढले. दाराला कुलूप. गिरणवाल्याने वर बघून हसत विचारलं, नवीन काय? मग त्याने सांगितलं की सरांचे साडेबारा संध्याकाळी सहाला वाजतात. सर दोन घड्याळं वापरायचे. उजव्या हातावर आपली वेळ, डाव्या हातावर ग्रिनिचची. त्यांचं म्हणणं असं की ज्याला जगभरच्या मशीनशी बोलायचंय त्याने जगाच्या वेळेत उठावं-बसावं. जेवायचे मात्र ते उजव्या हातावर बघून. संध्याकाळी मी पुन्हा गेले आणि फोनवरच सांगता आलं नसतं का म्हणून चिडून विचारलं, तर म्हणाले, “तू विचारलंस का, कुठचे साडेबारा ते?”

पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला संगणकाला हात लावू दिला नाही. वेब सर्व्हिस म्हणजे एका कंपनीच्या मशीनने दुसऱ्या कंपनीच्या मशीनला पाठवलेलं पत्र, एवढं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि लगेच आम्हाला पत्रं लिहायला बसवलं. खरोखरची. लग्नपत्रिकांचे जुने गठ्ठे त्यांनी छापखान्यातून आणून ठेवले होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हाताने एक्सएमएल, म्हणजे मशीनला कळणारी खुणाखुणांची भाषा, लिहायचो, पाकिटात घालायचो, आणि पाकीट मधल्या दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत सरकवायचो. पलीकडे दुसरा विद्यार्थी. त्याने ते उघडायचं आणि कशाला काय उत्तर हे ठरवून भिंतीवर लावलेल्या करारात जेवढं लिहिलंय तेवढंच उत्तर द्यायचं, एक शब्द जास्त नाही. एखादी खूण उघडून बंद करायची राहिली असेल तर सर पाकीट मधेच अडवायचे आणि लाल पेनाने फुली मारून न वाचता परत पाठवायचे. माझी एका संध्याकाळी अकरा पाकिटं परत आली. बारावं मी त्यांच्या टेबलावर आपटलं. त्यांनी ते उघडलं, वाचलं, ‘चालेल’ म्हणाले. आठ महिन्यांत मला मिळालेलं ते एकमेव ‘चालेल’, आणि मला त्याचा आनंद झाला होता याचा आता राग येतो.

‘बघूया’ हा शब्द त्यांना खपत नसे. आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की माणूस ‘बघूया’ म्हणतो, हे शेंबडं पोरही जाणतं. सरांना ते झोंबायचं. ते म्हणत, हो म्हणा, नाही म्हणा, नाहीतर चूक झाली म्हणा, उत्तरं तीनच. कोणी बघूया म्हणालं की त्याने पाच मिनिटं बाहेर गॅलरीत उभं राहायचं. पावसाळ्यातसुद्धा. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील चौकशीला आले होते, तेही सहज बोलून गेले, मग मुलाचं नाव घालतो, बघूया. सरांनी त्या गृहस्थांना बोट करून गॅलरी दाखवली. मुलगा काही त्या क्लासला आला नाही.

मासळी बाजारात मी त्यांना एकदा पाहिलं. बायका त्यांना ओळखून होत्या. ते टोपलीसमोर उभे राहत आणि मासे ताजे आहेत का, हे कधीच विचारत नसत. ज्या प्रश्नाला एकच उत्तर येतं तो प्रश्न नव्हे, असं त्यांचं मत. ते विचारत, ह्यातला शिळा कुठला? एका म्हातारीने त्यांना त्या दिवशी खरोखरच एक बांगडा वेगळा काढून दाखवला. त्यावर त्यांनी उरलेली टोपलीच घेतली आणि पुढचे आठ दिवस क्लासात त्या म्हातारीचं कौतुक चाललं होतं. ह्याला सर्व्हिस म्हणतात, आमच्या आयांनी आम्हाला हे शिकवलं नाही, वगैरे. आमच्या आयांना मधे आणायचं काही कारण नव्हतं.

सरांचा सगळा जीव अडकला होता तो चुकीत. दोन मशीन बोलताना काही बिघडलं तर उत्तरात त्यासाठी वेगळा कप्पा असतो, त्याला फॉल्ट म्हणतात. बहुतेक लोक तो कसाबसा भरतात, ‘काहीतरी चुकलं’ एवढं लिहून मोकळे होतात. सर त्यावर पेटायचे. “हे कोणी लिहिलान?” असं त्यांनी ओरडून विचारलं की खालची गिरणसुद्धा थांबल्यासारखी वाटायची. फॉल्टमध्ये तीन गोष्टी हव्यात म्हणजे हव्यातच. चूक कोणाची, पाठवणाऱ्याची की उत्तर देणाऱ्याची. चूक काय. चूक कुठे. आणि यांतली पहिली गोष्ट पहिली. चूक कोणाची ते आधी लिहा, मग बाकीची रडगाणी गा. परीक्षेत यावर दोनेक प्रश्न असतात. आम्ही त्यावर सहा आठवडे घालवले.

आम्ही सहा जण होतो. चौघं माझ्यापेक्षा लहान, नोकरी शोधणारी, सरांना घाबरणारी आणि म्हणून सरांवर प्रेम करणारी. सहावा पूर्णगडचा मुलगा. बाप ट्रॉलर चालवणारा तांडेल, घरात पदवी घेतलेला हा पहिलाच. तेवीस वर्षांचा, हसरा, मला ताई म्हणायचा, आणि पाकिटं लिहिण्यात आमच्यात सगळ्यांत वाईट होता. पूर्णगडहून येऊन-जाऊन क्लास करायचा. डब्यात सुकट आणायचा आणि सगळ्यांना वाटायचा. माझ्या खालोखाल सर त्यालाच ओरडत आणि सगळ्यांत उशिरापर्यंत थांबवून शिकवत.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला. फेब्रुवारीत आम्ही सहा जण आणि सर पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून गेलो. सरांना केंद्रात प्रवेश नव्हता. अडीच तास ते रस्त्यापलीकडे एका रसवंतीच्या बाकावर बसून राहिले. परीक्षा अवघड होती. पण फॉल्टवर तीन प्रश्न आले आणि ते तिन्ही मी हसत सोडवले. बाहेर आले तेव्हा मला वाटत होतं, हा माणूस वेडा असेल, पण ह्याने मला तयार केलंय. त्या दिवशी मी खरंच त्यांच्या पाया पडणार होते. गर्दीत राहून गेलं.

परतीच्या गाडीत पूर्णगडचा मुलगा सरांच्या शेजारी बसला होता. मी मागच्याच सीटवर. तो खूश होता आणि त्या खुशीत म्हणाला, “सर, चाळीस तरी प्रश्न जसेच्या तसे आले.” सरांनी विचारलं, जसेच्या तसे म्हणजे कशाच्या तसे. मग त्याने निरागसपणे सांगितलं. फोनवरच्या एका ग्रुपवर कोणीतरी परीक्षेचा प्रश्नसंच टाकला होता. उत्तरांसकट. तो त्याने उतरवून घेतला, क्लासातल्या तीन नंबरच्या मशीनवर ठेवला आणि महिनाभर पाठ केला. लपवलंही नाही. फाइलला नाव दिलं होतं ‘अपेक्षित’.

इथे बाहेरच्या माणसाला ही गोष्ट समजणार नाही. आपल्याकडे दहावीपासून प्रत्येक मूल अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पास होतं. शिक्षकच आणून देतात, आयाबाया एकमेकींत फिरवतात. त्या मुलाला वाटलं, तसलंच हे. परीक्षा घेणाऱ्यांच्या कपाटातून चोरलेले खरेखुरे प्रश्न आणि कोणी अंदाजाने काढलेले प्रश्न, यांत फरक असतो हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं सर शाबासकी देतील. साखरप्याला गाडी चहाला थांबली, सगळे उतरले, सर खिडकीतून बाहेर बघत बसून राहिले.

आठवड्याने निकाल लागला. सहाही पास. मी ऑफिसात पेढे वाटले, साहेबांनी गिऱ्हाइकाला कळवून टाकलं, आईने शेजारणींना बोलावून चहा केला, एका हाताने. त्यानंतर चार दिवसांनी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची मेल आली. तुमच्या प्रशिक्षकांनी कळवलेल्या माहितीवरून सहाही उमेदवारांचे निकाल रोखून ठेवण्यात येत आहेत. फुटलेला संच कोणी मिळवला ते दहा दिवसांत कळवावं, म्हणजे इतरांचे निकाल मोकळे होतील. न कळवल्यास सहाही निकाल रद्द आणि वर्षभर परीक्षेला बंदी.

मी ऑफिसातून तशीच निघाले. जिना दोन-दोन पायऱ्या चढून गेले. सर एकटेच होते, पाकिटांचे गठ्ठे बांधत होते. त्यांनी स्वतः पाठवलेल्या पत्राची प्रत माझ्यासमोर ठेवली. पत्र तीन ओळींचं होतं. चूक कोणाची: शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी. चूक काय: फुटलेले प्रश्न माझ्या क्लासात वापरले गेले. चूक कुठे: तीन नंबरचं मशीन.

त्यांना खरोखर वाटलं होतं की एवढ्यावर भागेल. ती मंडळी त्यांच्यावर बंदी घालतील, क्लास बंद करायला लावतील, आणि विषय संपेल. त्यांच्या मनाची पुरी तयारी झाली होती, म्हणून तर गठ्ठे बांधत होते. पण त्या संस्थेच्या लेखी क्लास, सर, गिरण, यांतलं काहीच अस्तित्वात नव्हतं. त्यांच्याकडे होते त्या पत्त्यावरून अर्ज केलेल्या सहा उमेदवारांचे नंबर. सरांनी स्वतःची मान पुढे केली आणि सुरी आमच्या मानेवर आली. जगभरच्या मशीनना पत्र कसं लिहावं हे शिकवणाऱ्या माणसाला पत्र कोण उघडणार आहे, हे कळलं नव्हतं.

मी म्हटलं, ठीक आहे, झालं ते झालं, आता नाव कळवून टाका. ते म्हणाले, नाही.

“का नाही?”

“तो माझ्याकडे शिकत होता. त्याला चोरी नि अभ्यास यांतला फरक मी शिकवायला हवा होता. मी पाकिटं शिकवत बसलो. नाव माझ्या हातून जायचं नाही.”

मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. ते त्यांना माहीत होतं, मी पुन्हा सांगितलं. माझ्या तोंडून काय काय गेलं ते इथे लिहीत नाही. मी म्हटलं, नाव द्यायचं नव्हतं तर पत्रच कशाला लिहिलंत. त्यावर ते म्हणाले की गप्प बसलो असतो तर त्या फाइलमध्ये मीही सामील. मी म्हटलं, आणि आता आम्ही पाच जण मेलो ते? त्यांनी डाव्या हातावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “नाव तुलाही माहीत आहे गो. तू गाडीत मागेच होतीस. तू कळव. मी अडवत नाही.”

ते हे उदारपणे म्हणाले.

बाकीच्या चौघांना मी एकेकट्याला फोन केला. चौघंही घाबरली होती आणि चौघांनीही जवळजवळ एकच उत्तर दिलं: ताई, तू मोठी आहेस, तू काय ते ठरव. एकाने विचारलं, सरांना काय वाटेल. सरांना काय वाटेल याचीच सगळ्यांना काळजी. एकाही बाप्याला किंवा बाईला असं वाटलं नाही की चार ओळींच्या मेलखाली आपलंही नाव घालावं.

पाचव्या दिवशी मी पूर्णगडला गेले. मुलाने स्वतः कबूल करावं, एवढंच मला हवं होतं. घरी त्याची आई होती. बाहेर काठ्यांवर जाळं पसरलेलं, आत देव्हाऱ्याच्या बाजूला त्याच्या निकालाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाचलेला. तिने मला बसवलं, चहा दिला, वर तळलेल्या कोलंबीची ताटली ठेवली. त्याला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं होतं. एक तारखेला जायचं होतं, तिने त्याच्यासाठी नवी बॅगही आणली होती. “ह्याचा तेवढा झाला ना, की आम्ही सुटलो,” ती म्हणाली. “ह्याला आम्ही होडीत नाय घालणार.”

तो मला सोडायला किल्ल्याच्या वाटेपर्यंत आला. मी त्याला सगळं समजावलं. तू स्वतः लिहिलंस तर कदाचित वर्षाच्या बंदीवर भागेल, दुसऱ्याने सांगितलं तर जास्त होईल. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, “ताई, मी उद्या पाठवतो. आयशप्पथ.” मी विश्वास ठेवला. सहावा दिवस गेला, सातवा गेला. आठव्या दिवसापासून त्याने माझा फोन उचलणं बंद केलं. मी सरांना निरोप ठेवला की निदान तुम्ही त्याला सांगा, तुमचं ऐकेल. सरांनी उलट निरोप पाठवला की त्याच्यावर दबाव आणणं मला योग्य वाटत नाही.

नवव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या टेबलावर बसून मी ती मेल लिहिली. चूक कोणाची, तिथे मी त्याचं नाव लिहिलं, आडनावासकट, परीक्षा क्रमांकासकट. चूक काय. चूक कुठे. शिकवलं होतं तसं, एक शब्द जास्त नाही. पाठवली आणि डबा न खाता बंद केला. तो अजाण होता, हे मी लिहिलं नाही. त्यासाठी त्या तीन ओळींत कप्पा नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते लिहून माझं काम लांबेल अशी मला भीती वाटली होती.

आम्हा पाच जणांचे निकाल मोकळे झाले. काम रत्नागिरीतच राहिलं, मी राहिले, आई राहिली. त्या मुलावर कायमची बंदी आली आणि पुण्याच्या कंपनीने त्याला येऊ नकोस म्हणून कळवलं. हल्ली तो गणपतीपुळ्याला एका हॉटेलच्या काउंटरवर असतो. त्याची आई बाजारात समोरून आली तर रस्ता बदलत नाही, सरळ माझ्याकडे बघत निघून जाते.

आणि क्लासच्या ग्रुपवर काय चाललं होतं सांगते. निकाल मोकळे झाल्याच्या दिवशी एकीने लिहिलं, ‘सर, तुमच्या तत्त्वांना सलाम.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘शेवटपर्यंत विद्यार्थ्याचं नाव सांगितलं नाही, असा गुरू मिळायला भाग्य लागतं.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. प्रमाणपत्रं प्रत्येकाने घेतली, फोटो टाकले. मला कोणी काही लिहिलं नाही. नंतर कानावर आलं की माझ्याबद्दल ‘तिने दिलं बाबा नाव’ एवढंच बोलतात, जरा आवाज खाली आणून. मी ग्रुप सोडला. ज्यांच्या नोकऱ्या माझ्या त्या मेलवर उभ्या आहेत ती माणसं आजही सरांचे किस्से सांगतात.

सरांचा क्लास चालूच आहे. कोणी बंद करायला लावला नाही. आता ते पहिल्या दिवशी चोरी आणि अभ्यास यांतला फरक शिकवतात म्हणे, तासभर.

गेल्या डिसेंबरात मी आईला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेले होते. ओल्या वाळूत काठी रुतत नाही, ती तिथे बरी चालते. सुरूच्या बनाकडून सर येताना दिसले. टाळता आलं असतं, पण आईला पटकन वळता येत नाही. ते थांबले. त्यांनी आईची चौकशी केली, कोणता हात, कोणता पाय, मालीश चालू आहे का, सगळं नीट विचारलं. थकलेले वाटले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात म्हणाले, “तू केलंस ते बरोबरच केलंस हो.”

दोन वर्षं मी ज्या रागावर झाकण ठेवून होते ते झाकण उडालं.

“बरोबर होतं ना? मग तुम्ही का नाही केलंत?”

ते वाळूकडे बघत होते. म्हणाले, “मला जमलं नसतं गो.”

“आणि मला जमेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्यांनी आईला नमस्कार केला आणि भाट्याच्या पुलाकडे चालू लागले. मी त्यांना जाऊ दिलं. मला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाही राग येत होता.

आईला यातलं काही माहीत नाही. त्या मुलाचं नाव तिने कधी ऐकलेलं नाही. ती काठी टेकत थोडी पुढे गेली, मग थांबून लांब गेलेल्या सरांकडे बघत राहिली. “तुझे ते परीक्षेचे सर ना?” ती म्हणाली. “पाया तरी पडायचं होतंस. त्यांच्यामुळे राहिलो गो आपण इथे.”

“नाही आई,” मी म्हटलं. “माझ्यामुळे.”